ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी निवडा: पैसे वसूल करणाऱ्या खरेदीचा क्रम

"कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" असं विचारणारे बहुतेक जण सोबत एकच माहिती देतात: हातात किती पैसे आहेत. मॉनिटर कोणता, खेळ कोणते, प्रोसेसर किती जुना, पॉवर सप्लाय किती वॅटचा, यातलं काहीच सांगत नाहीत. एवढ्यावर कार्डाचं नाव सुचवणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल देणं.

माझ्या भाच्याने असंच केलं. बजेटमध्ये बसणारं सगळ्यात मोठं कार्ड घेऊन आला आणि आठवड्याने त्याचा फोन: "मामा, कार्ड बदललं तरी फ्रेम तेवढ्याच येतायत." (फ्रेम म्हणजे कार्ड दर सेकंदाला काढतं ती चित्रं.) जाऊन पाहिलं तर चार कोरचा जुना प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर. खेळ चालू असताना नवं कार्ड जेमतेम ४५ टक्के काम करत होतं. कार्डात खोट नव्हती. निवडीचा क्रम उलटा झाला होता.

तो क्रम सुलटा कसा लावायचा ते इथे टप्प्याटप्प्याने लिहितो. कार्डाचं नाव पाचव्या टप्प्यापर्यंत मनात आणायचं नाही. जड जाईल, पण तेवढं पाळाच.

## टप्पा १: आधी कागदावर पाच गोष्टी लिहा

१. मॉनिटरचं रिझोल्यूशन (पडद्यावर किती ठिपके) आणि रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं, हर्ट्झमध्ये).
२. तुम्ही खरोखर खेळता ते तीन-चार खेळ. कधीतरी खेळू असं वाटणारे नकोत.
३. प्रोसेसरचं पूर्ण नाव, आणि रॅम किती व किती पट्ट्यांत.
४. पॉवर सप्लायचं पूर्ण मॉडेल, वॅट आणि कार्डासाठीच्या मोकळ्या केबल.
५. कॅबिनेटमध्ये कार्डासाठी असलेली लांबी, मिलिमीटरमध्ये.

पहिल्या तीन गोष्टी विंडोजमध्येच सापडतात. चौथी आणि पाचवी अंदाजाने लिहू नका. कॅबिनेटचं झाकण काढा, पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा, टेप लावून माप घ्या. या दहा मिनिटांच्या कामाचा लोकांना कंटाळा येतो आणि खरेदी फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारणही हेच असतं.

खेळांच्या यादीबद्दल एक सांगतो. पाच जणांच्या संघाचे स्पर्धात्मक नेमबाजीचे खेळ आणि मोठ्या, मोकळ्या जगातले कथाप्रधान खेळ यांची भूक वेगळी असते. पहिल्या प्रकाराला साधं कार्डही पुरतं, पण प्रोसेसर तगडा लागतो. दुसरा प्रकार कार्ड आणि त्यावरची मेमरी दोन्ही खातो. २०२४ पासून तर असे काही मोठे खेळ आले आहेत, जे रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्याचं, हार्डवेअर नसलेल्या कार्डावर सुरूच होत नाहीत. तुमच्या यादीत असा खेळ असेल तर एनव्हिडियाच्या जुन्या जीटीएक्स मालिकेतली कार्डं तिथल्या तिथे बाद करा.

## टप्पा २: मॉनिटरवरून गरज ठरवा

कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये किती ठिपके रंगवायचे आहेत, त्यावर त्याचा भार ठरतो. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २० लाख ७४ हजार पिक्सेल. १४४०पी म्हणजे ३६ लाख ८६ हजार. फोरके म्हणजे ८२ लाख ९४ हजार, १०८०पीच्या बरोबर चौपट. म्हणून १०८०पीवर छान पळणारं कार्ड फोरकेवर धापा टाकतं, यात नवल नाही.

रिफ्रेश रेटचाही हिशेब घ्या. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झवर फक्त ६.९. पण मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर कार्डाने १३० फ्रेम काढल्या तरी डोळ्यांपुढे सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतं. जास्तीच्या फ्रेममुळे माऊसचा प्रतिसाद थोडा चटपटीत होतो खरा, पण तेवढ्यासाठी वरच्या दर्जाचं कार्ड घेणं परवडणारं नाही.

इथे माझं मत स्पष्ट आहे: मॉनिटर जुना, ६० हर्ट्झचा असेल आणि पैसे मोजकेच असतील, तर एक पायरी खालचं कार्ड घ्या आणि उरलेल्या पैशात १४४ हर्ट्झचा मॉनिटर बघा. खेळताना तो फरक लगेच कळतो.

तपासा: विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या पानावर, रिफ्रेश रेट किती लिहिलाय ते पाहा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर वर्षभर ६० वर चालवणारे लोक मी पाहिले आहेत. कदाचित तुम्हाला हवा असलेला बदल एका क्लिकवर असेल.

## टप्पा ३: सध्या नक्की कशावर अडतंय ते शोधा

हा टप्पा घाईत उरकू नका. कार्ड बदलून उपयोग होईल की नाही हे खरेदीच्या आधी कळण्याचा दुसरा मार्ग नाही. (सध्या स्वतंत्र कार्डच नसेल किंवा पूर्ण कॉम्प्युटर नव्याने जोडत असाल, तर थेट चौथ्या टप्प्यावर जा.)

एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकट सॉफ्टवेअर कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. ते टाका आणि खेळाच्या पडद्यावर चार आकडे दिसतील असं करा: फ्रेम, कार्डाचा वापर टक्क्यांत, प्रोसेसरच्या प्रत्येक कोरचा वापर आणि व्हीरॅमचा, म्हणजे कार्डावरच्या मेमरीचा, वापर. मग खेळातलं व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) बंद करा आणि फ्रेमवर मर्यादा घातलेली असेल तर तीही काढा.

आता जिथे खेळ अडखळतो अशा जागी जा. गर्दीचं शहर, मोठी चकमक, असं काहीतरी. रिकाम्या खोलीत उभं राहून घेतलेली चाचणी फसवी असते.

कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल, तर कार्डच कमी पडतंय. नवं कार्ड घेतल्याने फरक पडेल.

वापर ६०–७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि फ्रेमही कमी असतील, तर अडथळा दुसरीकडे आहे, बहुतेक वेळा प्रोसेसरमध्ये. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन एकदम खाली आणा, १०८०पीवरून ७२०पीवर. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्डावर भार होता. फ्रेम जिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसर अडवतोय, आणि जगातलं सगळ्यात महागडं कार्ड लावलं तरी त्या जागी तेवढ्याच फ्रेम येतील.

इशारा: प्रोसेसरचा एकूण वापर ३५ टक्के दिसतोय म्हणून तो निवांत आहे असं समजू नका. खेळाचं मुख्य काम बहुधा एक-दोन धाग्यांवर (एका वेळी एकाच कोरवर चालणाऱ्या कामांवर) अडलेलं असतं. आठ कोरपैकी एक कोर शंभरीला टेकला आणि बाकीचे अर्धवट रिकामे असले, तरी एकूण आकडा कमीच दिसतो. म्हणून प्रत्येक कोर वेगळा पाहायचा.

प्रोसेसर अडतोय असं निघालं तर लगेच नवा घ्यायला धावू नका. रॅम एकाच पट्टीत असेल तर दुसरी जोडा. दोन पट्ट्या असल्या तरी मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या स्लॉटमध्येच त्या आहेत ना ते बघा. चार स्लॉटच्या बोर्डावर सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला तिचा लिहिलेला वेग देणारं सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० किंवा ६००० वेगाची म्हणून घेतलेली रॅम तिच्या मूळ, संथ वेगानेच चालत राहते. भाच्याच्या कॉम्प्युटरमध्ये आम्ही रॅमची दुसरी पट्टी घातली, तेव्हा खेळातला दर काही सेकंदांनी बसणारा झटका पहिल्याच दिवशी बराच कमी झाला. प्रोसेसर नंतर, सवडीने बदलला.

## टप्पा ४: पॉवर सप्लाय आणि जागा

विजेचं गणित सोपं आहे. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, ६ पिनची केबल आणखी ७५, ८ पिनची १५०. म्हणून आरटीएक्स ४०६०सारख्या ११५ वॅटच्या कार्डाला ८ पिनची एक केबल सहज पुरते. वरच्या दर्जाच्या कार्डांना अशा दोन-तीन केबल लागतात, नाहीतर १६ पिनचा नवा कनेक्टर.

एकूण गरज काढताना कार्डाचे वॅट, प्रोसेसरचे वॅट आणि बाकीच्या भागांचे शंभरेक वॅट धरा, वर निदान एक तृतीयांश मोकळीक ठेवा. कार्डं क्षणभर त्यांच्या लिहिलेल्या आकड्याच्या बरीच वर उसळी घेतात आणि काठावरचा पॉवर सप्लाय नेमका त्या क्षणी कॉम्प्युटर बंद पाडतो. चकमक रंगात आल्यावर कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर पहिला संशय इथेच घ्या.

डब्यावरच्या एकूण वॅटवर विसंबू नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत किती वॅट किंवा अँपिअर दिलेत ते वाचा, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही तिथूनच वीज घेतात. आणि ८० प्लसचा शिक्का पॉवर सप्लाय विजेची किती नासाडी करतो एवढंच सांगतो. आतले भाग किती चांगले, संरक्षण किती चोख, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही.

इशारा, आणि हा गंभीर आहे: सुट्या केबलच्या पॉवर सप्लायमध्ये दुसऱ्या पॉवर सप्लायची केबल कधीही लावू नका. पिन बसतात, पण पॉवर सप्लायच्या बाजूला तारांचा क्रम प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळा असू शकतो. एका चुकीच्या केबलने कार्ड, डिस्क, बोर्ड काहीही जळू शकतं. तसंच ४+४ अशी फुटणारी ८ पिनची केबल प्रोसेसरची असते, ६+२ अशी फुटणारी कार्डाची. बसत नसेल तर जोर लावू नका, केबल चुकली आहे.

जागा मोजताना कार्डाच्या लांबीसोबत जाडीही बघा. अडीच स्लॉटचं कार्ड तीन स्लॉट अडवतं आणि खालचं वायफाय कार्ड किंवा समोरच्या यूएसबीची केबल त्याखाली अडकते. वीज केबल कार्डाच्या कडेतून बाहेर येते, तिला वळायला तीन-चार सेंटिमीटर हवेत. काचेचं झाकण केबलवर दाबून लावलं तर १६ पिनच्या कनेक्टरला ते अजिबात मानवत नाही.

## टप्पा ५: कार्डांची यादी करा, नावाला न भुलता

आता नावं आली तरी चालतील. इथे सापळे इतके आहेत की जरा जास्त थांबतो.

नाव एक, कार्डं दोन. आरटीएक्स ३०६० बाजारात २०२१ मध्ये १२ जीबी मेमरीसह आलं, १९२ बिटच्या मेमरी बससह (बस म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता). पुढच्या वर्षी त्याच नावाने ८ जीबीचं कार्ड आलं, त्याची बस १२८ बिटची. मेमरी कमी झालीच, तिचा वेगही सेकंदाला ३६० जीबीवरून २४० जीबीवर आला. डब्यावर मोठ्या अक्षरात नाव तेच. हा प्रकार नवा नाही. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी आवृत्तीत मेमरीसोबत कोरही कमी केले होते, १२८० ऐवजी ११५२. जीटी १०३० चं डीडीआर४ रूप तर जीडीडीआर५ रूपाच्या मानाने मेमरीच्या वेगात एक तृतीयांशावर होतं. आणि आरएक्स ५८० च्या पुढे "२०४८एसपी" लिहिलं असेल तर ते वेगळं, कमी ताकदीचं कार्ड आहे. मूळ ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्राची गणितं करणारे छोटे कोर) आहेत.

म्हणून नाव वाचून थांबू नका. तीन ओळी वाचा: मेमरी किती, मेमरीचा प्रकार कोणता, बस किती बिटची. तिन्ही चाचणीतल्या कार्डाशी जुळल्या तरच ती चाचणी तुमच्या कार्डाला लागू.

बसचा आकडा मात्र वेगवेगळ्या पिढ्यांत लावू नका. आरटीएक्स ४०६० ची बस १२८ बिटची आहे, ३०६० ची १९२ ची, तरी बहुतेक खेळांत ४०६० पुढे जातं, कारण त्यात कॅशे (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) पुष्कळ वाढवली आहे. एकाच नावाच्या दोन रूपांत फरक ओळखायला बस उपयोगी, दोन पिढ्यांची तुलना करायला नाही.

व्हीरॅम किती हवी? नव्या मोठ्या खेळांसाठी माझा ठोकताळा असा: १०८०पीवर मध्यम-उच्च सेटिंगला ८ जीबीवर भागतं, पण पुढे काही वर्षं कार्ड वापरायचं असेल तर १२. १४४०पीला १२ पासून पुढे. फोरकेला १६. कमी व्हीरॅमचा दोष सरासरी फ्रेममध्ये नेहमी दिसत नाही, म्हणून तो फसवतो. आकडा ७० दाखवतो आणि वळणावर वळताना खेळ अर्धा सेकंद गोठतो, किंवा भिंतीवरचे पोत धूसर राहतात आणि दोन क्षणांनी उजळतात. आरटीएक्स ४०६० टीआय, आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतात. अशा जोडीत, खिशाला झेपत असेल तर मी दरवेळी १६ कडे बोट दाखवतो.

उलट बाजूही सांगायला हवी. कमकुवत चिपवर भरपूर मेमरी लादून "८ जीबी कार्ड" म्हणून विकलं जाणारं स्वस्त कार्ड काही कामाचं नाही. मेमरी ही कोठी आहे, स्वयंपाक चिपच करते.

जुन्या बोर्डावरचा छुपा फटका. काही स्वस्त कार्डांना पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या स्लॉटच्या, सोळाही वाटा जोडलेल्या नसतात. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० आठ वाटा वापरतात, आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार. नव्या बोर्डावर हे जाणवत नाही. पीसीआय ३.० च्या जुन्या बोर्डावर चार वाटांच्या कार्डाला मोठा फटका बसतो, विशेषतः त्याची ४ जीबी मेमरी भरल्यावर. त्या ६५०० एक्सटीमध्ये व्हिडिओ एन्कोडरही नाही, त्यामुळे खेळ रेकॉर्ड करणाऱ्यांनी तिकडे बघूच नये.

रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम हाताळू देणारी सोय. इंटेलची आर्क कार्डं, उदाहरणार्थ डिसेंबर २०२४ मधलं १२ जीबीचं बी५८०, किमतीच्या मानाने बरंच काही देतात, पण बोर्ड आणि प्रोसेसरला रिसायझेबल बार जमत असेल तरच. ते बंद असेल तर फ्रेम जोरात कोसळतात. शिवाय जुन्या, मंद प्रोसेसरसोबत बी५८० मागे पडतं. जुना कॉम्प्युटर असलेल्यांना मी ते सुचवत नाही. नवी जोडणी असेल तर जरूर यादीत घ्या.

ड्रायव्हरचं आयुष्य. एनव्हिडियाने जीटीएक्स १० मालिकेला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं, पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट. वापरलेलं १०६० किंवा १०७० कितीही स्वस्त वाटलं तरी हे लक्षात ठेवा.

तपासा: यादीत आता तीन, फार तर चार कार्डं उरली पाहिजेत. दहा उरली असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्यातलं काहीतरी अजून ठरलेलं नाही.

## टप्पा ६: चाचण्या वाचा, पण नीट

कंपनीच्या स्वतःच्या आलेखावर खरेदी ठरवू नका. स्वतंत्र चाचणी घेणारे निदान दोन स्रोत पाहा आणि त्यांत तुमचे खेळ शोधा. चाचणीचं रिझोल्यूशन तुमचंच असावं.

सरासरी फ्रेमच्या शेजारी "१ टक्का लो" असा आकडा असतो. सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमवरून तो काढतात. सरासरी ९० आणि लो ७० असलेलं कार्ड हाताला गुळगुळीत लागतं. सरासरी ९५ पण लो ४० असलेलं सतत टोचत राहतं. मी नेहमी पहिलं घेईन.

चाचण्या बहुधा सगळ्यात वेगवान प्रोसेसरवर घेतलेल्या असतात, नाहीतर कार्डांमधला फरक उघड होत नाही. तुमच्याकडे तो प्रोसेसर नाही. तिसऱ्या टप्प्यात ७२०पीवर किती फ्रेम आल्या होत्या ते आठवा. तो तुमच्या प्रोसेसरचा त्या जागेचा जवळजवळ वरचा पल्ला आहे. तिथे ९० आले असतील, तर १४० फ्रेम देणाऱ्या कार्डाचे वरचे ५० तुम्हाला मिळणार नाहीत.

डीएलएसएस, एफएसआर आणि एक्सईएसएस यांबद्दल थोडक्यात. कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठं करण्याची ही तंत्रं खरोखर उपयोगी आहेत, १४४०पी आणि फोरकेवर विशेष. १०८०पीवर मूळ चित्रातच ठिपके कमी असतात, त्यामुळे धूसरपणा लवकर कळतो. फ्रेम जनरेशन मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यात दोन खऱ्या फ्रेममध्ये एक किंवा अनेक बनवलेल्या फ्रेम घुसवतात. आकडा दुप्पट दिसतो, पण तुमच्या माऊसला मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच वेगाचा राहतो, किंचित उशिराचाच. मूळ ६० च्या आसपास असेल तर छान वाटतं, मूळ २५ असेल तर हात चिखलात रुतल्यासारखा वाटतो. म्हणून तुलना करताना फ्रेम जनरेशन बंद असलेले आकडेच एकमेकांसमोर ठेवा.

## टप्पा ७: हिशेब मांडा

किंमत भागिले फ्रेम. एवढंच, पण दोन दुरुस्त्या करून. उदाहरणासाठी किंमत नुसत्या एककांत धरू.

कार्ड अ: किंमत १००, तुमच्या खेळांत सरासरी ६० फ्रेम. म्हणजे एका फ्रेमला १.६७.
कार्ड ब: किंमत १२५, फ्रेम ८४. एका फ्रेमला १.४९.
कार्ड क: किंमत २००, फ्रेम १०५. एका फ्रेमला १.९०.

वरवर ब जिंकलं. आता पहिली दुरुस्ती: कार्डामुळे आणखी काय घ्यावं लागतंय? समजा ब साठी पॉवर सप्लाय बदलावा लागतो आणि तो २० एककांचा आहे. ब ची खरी किंमत १४५, एका फ्रेमला १.७३. म्हणजे अ पुढे गेलं. ज्याच्याकडे चांगला पॉवर सप्लाय आधीच आहे, त्याच्यासाठी मात्र ब च स्वस्त. एकाच दिवशी, एकाच दुकानात दोन जणांसाठी दोन वेगळी कार्डं बरोबर असू शकतात ती अशी.

दुसरी दुरुस्ती: वरची पायरी चढताना फक्त जास्तीच्या फ्रेमची किंमत काढा. पॉवर सप्लाय पुरेसा आहे असं धरलं, तर अ वरून ब वर जाताना २५ एककांत २४ फ्रेम मिळतात, एकेक फ्रेम १.०४ ला. ब वरून क वर जाताना ७५ एककांत २१ फ्रेम, एकेक ३.५७ ला, तिपटीहून महाग. "थोडे अजून घातले की वरचं येतं" हा मोह इथे उघडा पडतो. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल तर त्या २१ फ्रेम दिसणारही नाहीत.

आणि एकाच चिपवरच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या कार्डांत फ्रेमचा फरक अगदी किरकोळ असतो. तीन पंखे, दिवे, "ओसी" (कारखान्यातच थोडा वाढवलेला वेग) हा शिक्का यांसाठी जास्तीचे पैसे मोजून पुढच्या दर्जाच्या चिपच्या किमतीपर्यंत पोचू नका. आवाज कमी हवा म्हणून थोडे जास्त देणं मला पटतं. बाकी पैसा चिपवर.

## टप्पा ८: वापरलेलं कार्ड घेत असाल तर

चांगला सौदा इथेही होतो, पण कार्ड चालू पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर न्या. त्यात चिपचं नाव, मेमरी, बस आणि वाटांची संख्या दिसते. जुन्या चिपचं बायोस बदलून नव्या नावाने विकलेली कार्डं फिरत असतात. जीपीयू-झेड अशा एनव्हिडिया कार्डांपैकी बरीच ओळखतं आणि नावाआधी "फेक" असं दाखवतं.

मग किमान वीस मिनिटं जड खेळ किंवा चाचणी चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके, रेघा, चमकणारे त्रिकोण दिसले की उठा. चिपचं सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) यांत पंचवीस-तीस अंशांपेक्षा जास्त अंतर असेल तर आतली पेस्ट वाळली आहे किंवा कूलर नीट बसलेला नाही. पंखे पूर्ण वेगाने फिरवून घरघर ऐका. मागची सगळी सॉकेट एकेक करून केबल लावून बघा. नुसतं एक चालतंय म्हणून खूश होऊ नका.

मायनिंगला (क्रिप्टो नाणी मिळवण्याच्या अखंड गणितांना) वापरलेलं कार्ड सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. सतत एकसारख्या भारावर चिप फार झिजत नाही. झिजतात ते पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड, आणि कधी कधी बायोस बदललेलं असतं. किमतीतून तेवढं कापून घ्या.

इशारा: बिल, डबा आणि कार्ड या तिन्हींवरचा सिरियल नंबर जुळतो का पाहा. काही कंपन्या वॉरंटी फक्त पहिल्या ग्राहकालाच देतात.

## टप्पा ९: बसवा आणि परतीची मुदत संपायच्या आत तपासा

१. जुनं कार्ड दुसऱ्या कंपनीचं असेल तर ते काढण्याआधी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर वापरून, सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर साफ करा.
२. कॉम्प्युटर बंद, पॉवर सप्लायचा खटका बंद, प्लग बाहेर. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा.
३. मागच्या पट्ट्या काढा, वरच्या लांब स्लॉटमध्ये कार्ड सरळ दाबा. खटका लागल्याचा आवाज आला पाहिजे. मग स्क्रू.
४. दोन सॉकेट असतील तर दोन स्वतंत्र केबल लावा. एकाच केबलची दोन टोकं लावू नका. १६ पिनचा कनेक्टर पूर्ण आत गेला पाहिजे, फट दिसता कामा नये. अर्धवट बसलेले हे कनेक्टर वितळल्याची उदाहरणं आहेत.
५. मॉनिटरची केबल कार्डाच्या सॉकेटमध्ये लावा, मदरबोर्डच्या नाही. नवं कार्ड बसवून महिनाभर प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर खेळणारे लोक असतात, आणि चूक एवढीच असते.
६. ड्रायव्हर टाका, रिफ्रेश रेट पुन्हा निवडा, बायोसमध्ये सीएसएम (कॉम्प्युटर जुन्या पद्धतीने सुरू करण्याची सोय) बंद करून रिसायझेबल बार चालू करा. सीएसएम बंद केल्यावर विंडोज सुरू झालं नाही तर डिस्कची विभागणी बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. सीएसएम परत चालू करा, डेटाची प्रत काढा, मग डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदला.

यानंतर तिसऱ्या टप्प्यातली चाचणी त्याच खेळात, त्याच जागी पुन्हा घ्या. आकडे आधीच्या कागदावर शेजारी लिहा. कार्डाचा वापर ९५ च्या वर, तापमान ८० अंशांच्या आसपास किंवा खाली, आणि फ्रेम चाचण्यांत पाहिलेल्या आकड्यांच्या जवळ असतील तर कार्ड ठीक आहे. फ्रेम फारच कमी असतील तर जीपीयू-झेडमध्ये वाटांची संख्या पाहा. खेळ चालू असताना १६ किंवा ८ ऐवजी १ किंवा ४ दिसत असेल, तर कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे किंवा नीट बसलेलं नाही. काढून पुन्हा बसवा. तरीही तसंच असेल तर डबा, पिशवी आणि बिल जपून ठेवलेलं असू द्या आणि मुदतीचा शेवटचा दिवस उजाडायची वाट न पाहता कार्ड परत करा.